ज्याचे शब्द गेले, त्याचे काय?

जॅक बूझर हे नाव अमेरिकेतही फारसे कोणाला माहीत नाही. १९५२ साली बॉस्टन विद्यापीठात त्यांनी पॉल टिलिक या जर्मन-अमेरिकन धर्मचिंतकावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. पुढे ते एमरी विद्यापीठात धर्मविषयाचे प्राध्यापक झाले आणि १९८९ मध्ये वारले. त्यांच्या प्रबंधानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्याच विद्यापीठात त्याच विषयाला लागून असलेला आणखी एक प्रबंध मान्य झाला. त्यात टिलिक आणि हेन्री नेल्सन वीमन यांच्या ईश्वरकल्पनांची तुलना होती. टिलिकवरच्या भागातले अनेक परिच्छेद बूझर यांच्या प्रबंधातून आले होते. काही जसेच्या तसे, काही एखाददुसरा शब्द बदलून. हा दुसरा प्रबंध लिहिणारा तरुण धर्मोपदेशक म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग.

किंग यांनी बूझर यांचे नाव लपवले नव्हते. प्रस्तावनेत त्यांनी बूझर यांच्या प्रबंधाचा गौरवाने उल्लेख केला आहे आणि त्यातून जे घेतले जाईल ते तळटिपांतून दाखवले जाईल असे आश्वासनही दिले आहे. ते आश्वासन मात्र पाळले गेले नाही. पुढच्या पानांवर जिथे बूझर यांचे वाक्य आहे, तिथे बहुतेक वेळा ना अवतरणचिन्हे आहेत ना तळटीप. दोन्ही प्रबंधांचे मार्गदर्शक एल. हॅरोल्ड डीवुल्फ होते. तीन वर्षांपूर्वी स्वतःच तपासलेले परिच्छेद पुन्हा समोर आले, तेही त्यांना ओळखू आले नाहीत.

हे उघडकीस आणणारे लोक किंग यांचे विरोधक नव्हते. किंग यांच्या पत्नी कॉरेटा स्कॉट किंग यांनी १९८५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले इतिहासकार क्लेबोर्न कार्सन यांच्यावर पतीच्या कागदपत्रांच्या संपादनाची जबाबदारी सोपवली. वॉशिंग्टनच्या १९६३ च्या ऐतिहासिक मोर्चात कार्सन स्वतः विद्यार्थी म्हणून सामील झाले होते. प्रत्येक कागदाचे मूळ शोधायचे, ही संपादनाची साधी शिस्त. ती पाळताना कार्सन यांच्या सहकाऱ्यांना एकामागून एक उसने परिच्छेद सापडत गेले. फक्त प्रबंधातच नाही, तर विद्यार्थिदशेतल्या निबंधांतही. तोवर किंग यांच्या जन्मदिनाची राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली होती. कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट लगेच जाहीर केली नाही. ९ नोव्हेंबर १९९० रोजी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी छापली आणि मग सगळे बोलणे उघडपणे झाले.

बॉस्टन विद्यापीठाने अभ्यासकांची समिती नेमली. ऑक्टोबर १९९१ मध्ये समितीने निष्कर्ष दिला: वाङ्मयचौर्य झाले आहे, त्याबद्दल शंका नाही. मात्र पदवी काढून घेण्याचा विचार करू नये. ग्रंथालयातल्या प्रबंधाच्या प्रतीला समितीचा निष्कर्ष सांगणारे पत्र जोडावे. तसे ते जोडले गेले.

हा निर्णय पळवाटेसारखा वाटू शकतो. प्रत्यक्षात आजवर अशा प्रकरणांत झालेल्या निर्णयांपैकी तो सर्वांत प्रामाणिक निर्णयांपैकी एक आहे. किंग यांना जाऊन तेवीस वर्षे झाली होती. पदवी काढून त्यांना शिक्षा होणार नव्हती आणि त्यांच्या कार्याचे मोल त्या पदवीवर कधीच अवलंबून नव्हते. पण प्रबंध हातात घेणाऱ्या विद्यार्थ्याला खरे कळायला हवे होते. त्या पत्राने किंग यांचे मोठेपण नाकारले नाही आणि मोठेपणाच्या आड दोषही दडवला नाही.

किंग यांच्या बाजूने एक वाद गांभीर्याने मांडला गेला. कृष्णवर्णीय चर्चच्या परंपरेत प्रवचन ही सामाईक संपत्ती असते, एकाची ओळ दुसरा उचलतो, तिला नवा सूर देतो आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही गैर वाटत नाही. कीथ मिलर या अभ्यासकाने १९९२ मध्ये यावर पुस्तकच लिहिले. हा वाद प्रवचनपीठापुरता पूर्णपणे पटणारा आहे. मराठी कीर्तनाच्या श्रोत्यालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. पण पीएच.डी.चा प्रबंध हा वेगळा करार असतो. तिथे लेखक सही करून सांगतो की जे माझे ते माझे आणि जे दुसऱ्याचे ते मी दाखवले आहे. शिवाय शब्दांवर हक्क असतो, ही कल्पना किंग यांना परकी नव्हती. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातल्या त्यांच्या प्रसिद्ध भाषणाचे कॉपीराइट त्यांनी नोंदवले आणि परवानगीवाचून त्याच्या ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्यांविरुद्ध त्याच वर्षी कोर्टात जाऊन मनाई हुकूमही मिळवला.

या सगळ्या चर्चेत बूझर कुठे आहेत? जवळजवळ कुठेच नाहीत. मोठ्या माणसाच्या वाङ्मयचौर्याची बातमी झाली की पहिला प्रश्न असतो तो त्याच्या खुर्चीचा: राहणार की जाणार? समर्थक त्याच्या कर्तृत्वाची यादी वाचतात, विरोधक राजीनामा मागतात. ज्याच्या टेबलावरून ते शब्द उचलले गेले, त्या माणसाचे नाव तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात येते आणि मग बातमीतून नाहीसे होते. या लेखात त्या माणसाची बाजू पुन्हा पुन्हा वर काढायची आहे, कारण नीतीचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

आता जर्मनी. फेब्रुवारी २०११. कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे एकोणचाळीस वर्षांचे संरक्षणमंत्री देशातले सर्वांत लोकप्रिय राजकारणी होते. सरदार घराण्याचा वारसा, उत्तम वक्तृत्व, सक्तीची लष्करभरती थांबवण्याचा मोठा निर्णय. पुढचे चॅन्सेलर म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जात होते. बायरॉइट विद्यापीठाने त्यांना कायद्यातली डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत दिली होती. तो प्रबंध युरोपीय आणि अमेरिकी राज्यघटनेच्या तुलनेवर होता आणि २००९ मध्ये तो पुस्तकरूपाने आला.

ब्रेमेनमधले कायद्याचे प्राध्यापक आन्द्रेआस फिशर-लेस्कानो त्या पुस्तकाचे परीक्षण लिहीत होते. त्यांनी त्यातली काही वाक्ये इंटरनेटच्या शोधयंत्रात टाकली आणि ती दुसऱ्यांच्या छापील लेखांत सापडली. १६ फेब्रुवारीला ‘झ्युडडॉयचे त्साइटुंग’ने बातमी दिली. गुटेनबर्ग यांनी आरोप निरर्थक असल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी इंटरनेटवर एक सामूहिक पान उघडले गेले. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी प्रबंधाची पाने वाटून घेतली आणि ओळ न् ओळ ताडून पाहायला सुरुवात केली. अखेरीस त्यांची मोजणी ३९३ पानांपैकी ३७१ पानांवर उसन्या मजकुरापर्यंत आली.

प्रस्तावनेचा आरंभच बार्बारा त्सेनफेनिग या राज्यशास्त्राच्या अभ्यासिकेचा होता. १९९७ साली ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’ या वृत्तपत्रात आलेल्या त्यांच्या लेखातून तो उचलला होता. जर्मन संसदेच्या संशोधन विभागाने खासदार म्हणून गुटेनबर्ग यांच्यासाठी तयार केलेली टिपणेही प्रबंधात घातलेली आढळली. ही टिपणे करदात्यांच्या पैशाने, लोकप्रतिनिधित्वाच्या कामासाठी तयार होतात. कोणाच्या खासगी पदवीसाठी नव्हे.

गुटेनबर्ग यांचा खुलासा असा की, संसार, राजकारण आणि संशोधन हे सगळे एकत्र पेलताना, वेगवेगळ्या संगणकांवर आणि किमान ऐंशी डिस्क-पेनड्राइव्हवर विखुरलेल्या नोंदी सांभाळताना, कोणते वाक्य कोणाचे हे लक्षात राहिले नाही. चॅन्सेलर अँगेला मर्केल त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. आपण संरक्षणमंत्री नेमला आहे, संशोधन-सहायक नव्हे, असे त्या म्हणाल्या. ‘बिल्ड’ हे मोठ्या खपाचे वृत्तपत्र ठामपणे मंत्र्यांच्या पाठीशी होते.

मर्केल यांच्या त्या वाक्याने प्रकरण उलटले. जर्मनीतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी चॅन्सेलरना खुले पत्र लिहिले. ते सुपूर्द झाले तेव्हा त्यावर २०,००० हून अधिक सह्या होत्या आणि पुढे त्या वाढतच गेल्या. पत्राचा आशय साधा होता. आम्ही तुटपुंज्या वेतनावर, वर्षानुवर्षे, प्रत्येक तळटीप तपासत हे काम करतो आणि सरकारची प्रमुख म्हणते की हे फारसे महत्त्वाचे नाही. तोपर्यंत हा एका माणसाच्या प्रतिमेचा प्रश्न होता. त्या पत्राने तो प्रामाणिकपणे काम करणाऱ्या हजारोंच्या अपमानाचा प्रश्न झाला. विद्यापीठाने २३ फेब्रुवारीला पदवी काढून घेतली. १ मार्चला गुटेनबर्ग यांनी राजीनामा दिला. पुढे मे महिन्यात विद्यापीठाच्या चौकशी आयोगाने ही फसवणूक हेतुपुरस्सर होती असा निर्णय दिला.

सरकारी वकिलांनी कॉपीराइटभंगाची चौकशीही केली. त्यांना २३ मजकूर कायद्याच्या कक्षेत येणारे वाटले. गुटेनबर्ग यांनी बालकर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला २०,००० युरो दिल्यावर २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ही चौकशी बंद झाली. रक्कम चांगल्या कामाला गेली, यात शंका नाही. पण ज्यांची वाक्ये गेली होती, त्या लेखकांच्या पदरात त्या तडजोडीतून काही पडले नाही.

त्या वादळात गुटेनबर्ग यांच्यावर उघड टीका करणाऱ्यांत त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या शिक्षण व संशोधनमंत्री आनेटे शावान होत्या. या प्रकाराची आपल्याला लाज वाटते आणि तीही केवळ मनातल्या मनात नव्हे, असे त्यांनी वृत्तपत्राला सांगितले. पुढच्या वर्षी त्यांच्याच १९८० च्या प्रबंधाबद्दल आरोप झाले. त्या प्रबंधाचा विषय होता व्यक्ती आणि सदसद्विवेक. ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाच्या विद्याशाखेने ५ फेब्रुवारी २०१३ रोजी बारा विरुद्ध दोन मतांनी पदवी रद्द केली आणि चार दिवसांनी शावान यांनी मंत्रिपद सोडले. त्या विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेल्या आणि हरल्या. त्या काळच्या पद्धतीनुसार त्यांनी थेट डॉक्टरेट घेतली होती. ती गेल्यावर त्यांच्याजवळ विद्यापीठाची दुसरी पदवीच उरली नाही. तेहतीस वर्षांपूर्वी, पंचविशीत केलेल्या चुकीसाठी ही शिक्षा कठोर आहे, असे म्हणणारे अनेक होते आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. पण देशातल्या विद्यापीठांच्या शिस्तीची जबाबदारी ज्या मंत्र्याकडे आहे, त्याच्यासाठी वेगळी मुदत लावणे अशक्य होते. ड्युसेलडॉर्फने ते केले नाही, हे योग्यच झाले.

हंगेरीत प्रकरण थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेले. पाल श्मिट हे तलवारबाजीत १९६८ आणि १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारे खेळाडू, देशाचे लाडके नाव. १९९२ मध्ये त्यांनी आधुनिक ऑलिंपिकच्या कार्यक्रमावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली होती. २०१२ च्या जानेवारीत ‘एचव्हीजी’ या साप्ताहिकाच्या वेब आवृत्तीने दाखवून दिले की प्रबंधाचा फार मोठा भाग निकोलाय गेओर्गिएव या बल्गेरियन संशोधकाच्या फ्रेंच लेखनाचा अनुवाद आहे. चौकशी समितीने साम्य मान्य केले, पण दोष मुख्यतः त्या वेळच्या विद्यापीठावर टाकला: त्यांनी प्रबंध वेळीच तपासायला हवा होता. तरीही सेमेल्वाइस विद्यापीठाच्या सिनेटने २९ मार्चला पदवी काढून घेतली आणि २ एप्रिलला श्मिट यांनी संसदेत राजीनामा जाहीर केला.

श्मिट यांच्या प्रकरणातली भाषेची बाजू मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणलेली चोरी पकडायला फार अवघड. मजकूर जुळवणारे संगणकीय कार्यक्रम शब्द पाहतात आणि भाषांतरात शब्द बदललेले असतात. मूळ लेखकाला ती भाषा येत नसते, त्यामुळे आपले काम तिथे कोणाच्या नावावर वावरते आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही. मराठीत इंग्रजी, हिंदी, बंगालीतून पुष्कळ येते आणि यावेच. पु. ल. देशपांड्यांनी गोगोलच्या नाटकावरून ‘अंमलदार’ आणले, शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ आणली आणि मूळ कोणाचे हे जगाला माहीत होते. उसने घेतल्याने त्यांचे काही कमी झाले नाही. उसने घेण्याला कोणाची हरकत नसते. ते दडवले की प्रश्न उभा राहतो.

प्रबंधाची गोष्ट तशी सरळ आहे, नियम लिहिलेले असतात. भाषणाचे काय?

१९८७ च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांनी निवडणूक प्रचारात एक भाषण केले. आपल्या घराण्यात हजार पिढ्यांत विद्यापीठात जाणारा पहिला माणूस मीच का, पूर्वजांना बुद्धी नव्हती का, खाणीत आठ तास राबून वर येणारी ती माणसे कमकुवत होती का, असा त्याचा ओघ होता. उत्तर असे की त्यांना उभे राहायला पायाखाली आधारच नव्हता. किनॉक हे खरोखर वेल्समधल्या कोळसा खाणकामगाराचे पुत्र. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयोवाच्या जत्रेत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे इच्छुक उमेदवार जो बायडन यांनी जवळजवळ हेच भाषण आपले म्हणून केले, घराण्यासकट आणि खाणीसकट. त्याआधीच्या सभांत त्यांनी किनॉक यांचे नाव घेतले होते. या सभेत घेतले नाही. प्रतिस्पर्धी उमेदवार मायकेल डुकाकिस यांच्या प्रचारप्रमुखाने दोन्ही भाषणांची चित्रफीत पत्रकारांकडे पोचवली. मग बायडन यांनी कायद्याच्या शिक्षणात पहिल्या वर्षी एका निबंधात दुसऱ्याच्या लेखातली पाच पाने संदर्भ न देता वापरल्याचेही बाहेर आले. २३ सप्टेंबर १९८७ रोजी त्यांनी उमेदवारी मागे घेतली.

राजकीय भाषणे एका माणसाची नसतात, हे श्रोत्यांनाही ठाऊक असते. एखादी घोषणा, एखादी उपमा या पक्षातून त्या पक्षात फिरते. त्यात पाप शोधत बसणे योग्य नाही. पण बायडन यांनी उचलले ते निव्वळ शब्द नव्हते. दुसऱ्याच्या बापजाद्यांचे कष्ट त्यांनी स्वतःच्या घराण्याला चिकटवले. श्रोता भाषणातल्या ओघाला टाळी देतो, पण मत देतो ते त्या माणसाच्या आयुष्यावर विश्वास ठेवून. त्या विश्वासाला तडा गेला, म्हणून शिक्षा इतकी मोठी झाली आणि ती रास्त होती.

याच्या शेजारी सावलीतल्या लेखकांचा प्रश्न येतो. जॉन एफ. केनेडी यांच्या नावावरचे ‘प्रोफाइल्स इन करेज’ हे पुस्तक १९५६ मध्ये आले आणि १९५७ मध्ये त्याला चरित्रासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते प्रत्यक्षात त्यांचे सहायक टेड सोरेन्सन यांनी लिहिले, असे ड्रू पिअरसन या पत्रकाराने त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर म्हटले. केनेडींच्या वकिलांनी वाहिनीला ते मागे घ्यायला लावले. पन्नास वर्षांनी, २००८ साली, सोरेन्सन यांनी आत्मचरित्रात सांगितले की बहुतेक प्रकरणांचा पहिला खर्डा त्यांचाच होता. इथे मूळ लेखकाची तक्रार नाही. त्याने स्वखुशीने लिहिले, मोबदला घेतला आणि अर्धशतक निष्ठेने मौन पाळले. तरीही काहीतरी खटकत राहते. कारण लेखनाचा पुरस्कार लेखनाला दिला जातो. परीक्षक, वाचक आणि त्या वर्षी ज्यांचे पुस्तक मागे पडले ते लेखक यांची संमती कोणी घेतली नव्हती. नेत्याचे भाषण दुसऱ्याने लिहिणे ही सर्वांना माहीत असलेली व्यवस्था आहे. नेत्याने साहित्यिक म्हणून पुरस्कार स्वीकारणे ही तशी व्यवस्था नाही.

चूक झाल्यावर ती कशी मान्य करावी, याचे एक उदाहरण मुंबईत जन्मलेल्या माणसाचे आहे. फरीद झकेरिया हे अमेरिकेतले नामवंत पत्रकार; त्यांचे वडील रफिक झकेरिया महाराष्ट्राचे मंत्री होते आणि औरंगाबादच्या शिक्षणक्षेत्रात त्यांनी मोठे काम केले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’मधल्या फरीद यांच्या बंदूक नियंत्रणावरच्या स्तंभातला एक परिच्छेद ‘न्यू यॉर्कर’मधल्या इतिहासकार जिल लेपोर यांच्या लेखाशी जवळजवळ जुळला. झकेरिया यांनी लेपोर यांचे नाव घेऊन माफी मागितली, ही गंभीर चूक आहे आणि दोष संपूर्णपणे माझा आहे असे लिहिले. ना मदतनिसाकडे बोट, ना कामाच्या व्यापाचे कारण. ‘टाइम’ आणि ‘सीएनएन’ने त्यांना काही काळ दूर ठेवले आणि मग परत घेतले. येल विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्यत्व त्यांनी स्वतःहून सोडले. परत घेण्याची घाई झाली की नाही यावर दुमत असू शकते. पण लेपोर यांचे नाव त्या माफीच्या मध्यभागी होते, ही गोष्ट विरळा आहे.

भारतात हा प्रश्न येतो तेव्हा दोष बहुधा खाली खाली उतरत जातो. नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठात २००२ मध्ये कुलगुरू बी. एस. राजपूत यांच्या नावावरच्या एका शोधनिबंधात स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञ रेनाटा कॅलोश यांच्या निबंधाची नक्कल आढळली. तक्रार मांडणाऱ्या भौतिकशास्त्र विभागप्रमुखांनाच निलंबित करण्यात आले. अखेर स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी, त्यांत नोबेल विजेतेही होते, थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले. चौकशी झाली आणि २००३ च्या फेब्रुवारीत राजपूत यांना पद सोडावे लागले. पत्र लिहिणारे स्टॅनफर्डचे नसते, तर हा शेवट झाला असता का, हा प्रश्न भारतीय विद्यापीठांनी स्वतःला विचारायला हवा.

मराठी माणसाला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे उदाहरण डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेल्या, मुंबईत गरिबीत शिकलेल्या या वैज्ञानिकाच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने हळदीच्या अमेरिकी पेटंटला आव्हान दिले. जखमेवर हळद लावतात हे भारतात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, हे बत्तीस लेखी संदर्भ देऊन सिद्ध केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ज्ञान मूळ कोणाचे, हे कागदावर दाखवून देण्याच्या ताकदीचा तो विजय होता.

२००५ मध्ये केंद्र सरकारने पेटंट कायद्यातल्या दोन प्रश्नांवर त्यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांचा तज्ज्ञ गट नेमला. औषधांची पेटंटे केवळ नव्या रासायनिक रेणूंपुरतीच मर्यादित ठेवणे जागतिक व्यापार कराराशी सुसंगत होईल का, हा त्यातला कळीचा प्रश्न. स्वस्त औषधांवर अवलंबून असलेल्या कोट्यवधी रुग्णांशी त्याचा थेट संबंध होता. डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या अहवालाने अशी मर्यादा कराराशी सुसंगत ठरणार नाही असे म्हटले. फेब्रुवारी २००७ मध्ये वृत्तपत्रांनी दाखवून दिले की निष्कर्षातला महत्त्वाचा मजकूर शमनाद बशीर या कायदेतज्ज्ञाच्या शोधनिबंधातून, संदर्भ न देता, शब्दशः आला आहे. तो निबंध लंडनमधल्या बौद्धिक संपदा संस्थेसाठी लिहिला होता आणि त्याला ‘इंटरपॅट’ या बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांच्या संघटनेचे अर्थसाहाय्य होते. माशेलकर यांनी तांत्रिक त्रुटी राहिल्याचे सांगून अहवाल मागे घेतला आणि नंतर अध्यक्षपदही सोडले. सुधारित अहवाल २००९ मध्ये सादर झाला आणि सरकारने तो स्वीकारला. निष्कर्ष तोच राहिला.

बशीर यांनी स्वतः आपला निबंध समितीला दिला होता आणि पैसे कोणाचेही असले तरी मते आपली स्वतंत्र आहेत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यांच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण तळटीप का लागते, हे या प्रकरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसते. ती निव्वळ शिष्टाचार म्हणून दिलेली नसते. एखादे मत कोणी, कोणासाठी, कोणाच्या पैशावर मांडले, तिथपर्यंत वाचकाला पोचता यावे म्हणून ती असते. अहवालात एक तळटीप असती, तर खासदाराला, पत्रकाराला, रुग्ण संघटनेला तो माग पहिल्याच दिवशी काढता आला असता आणि त्या मताशी नीट वाद घालता आला असता. तळटीप नसल्यामुळे ते मत समितीचे, म्हणजे तटस्थ तज्ज्ञांचे, होऊन समोर आले. सत्तेच्या जवळ असलेल्या माणसाची उचल विद्यार्थ्याच्या उचलीहून गंभीर असते ती याच कारणाने. विद्यार्थ्याच्या निबंधावर देशाचे धोरण ठरत नाही.

चार वर्षांनी पंतप्रधानांच्या वैज्ञानिक सल्लागार परिषदेचे अध्यक्ष सी. एन. आर. राव यांच्या नावाचाही असाच उल्लेख झाला. २०११ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड मटेरियल्स’ या नियतकालिकात आलेल्या निबंधातली काही वाक्ये दुसऱ्या संशोधकांच्या निबंधातली होती. ज्येष्ठ लेखकांनी नियतकालिकातून माफी मागितली. वाक्ये प्रास्ताविकातली होती, शोध स्वतःचा होता आणि ती एका पीएच.डी. विद्यार्थ्याने घातली होती, असे स्पष्टीकरण आले. हे तथ्य म्हणून मान्य करायला हरकत नाही. प्रास्ताविकातली चार वाक्ये आणि शेकडो पाने यांत फरक केलाच पाहिजे. २०१३ मध्ये राव यांना भारतरत्न जाहीर झाले, ते त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाबद्दल आणि त्यात वावगे काही नव्हते. मात्र निबंधावर नाव असेल तर निबंधातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी त्या नावावर येते. यशाच्या वेळी पहिल्या रांगेत आणि चुकीच्या वेळी विद्यार्थ्याच्या मागे, अशी वाटणी न्याय्य नाही.

विद्यार्थ्यांसाठी आता हिशेब टक्क्यांत बांधलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांत प्रबंध सहा महिन्यांत सुधारून द्यावा लागतो, चाळीस ते साठ टक्क्यांत वर्षभर बंदी येते आणि साठच्या पुढे नोंदणीच रद्द होते. प्राध्यापकांच्या निबंधांसाठी लेखन मागे घेणे, वेतनवाढ रोखणे आणि काही वर्षे मार्गदर्शनाला मनाई अशा पायऱ्या आहेत. संस्थेच्या प्रमुखाविरुद्ध तक्रार आली, तर त्याच्या वरच्या नियंत्रक अधिकाऱ्याने कारवाई करावी, असेही हे नियम सांगतात. हे सगळे आवश्यकच आहे. पण शिक्षांच्या या यादीत मूळ लेखक कुठेही येत नाही. त्याला कळवायचे, जिथे त्याचे शब्द वापरले तिथे त्याचे नाव छापायचे, ही पायरी तिच्यात नाही.

कायद्याला मात्र तो माणूस माहीत आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे सत्तावन्नावे कलम लेखकाला हा हक्क देते की, त्याने आपले कॉपीराइट दुसऱ्याला विकून टाकले असले तरीही ही कृती माझी आहे असे तो म्हणू शकतो. पैशाचा व्यवहार संपला तरी नाव त्याच्याजवळच राहते. हेच तत्त्व विद्यापीठांच्या, वृत्तपत्रांच्या आणि सरकारी समित्यांच्या नियमांत यायला हवे. प्रबंध रद्द झाला, अहवाल मागे घेतला गेला, स्तंभाबद्दल दिलगिरी छापली गेली, तर त्या प्रत्येक कागदावर कोणाचे काय घेतले होते ते नावानिशी लिहिलेले असावे. आणि पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या माणसाबद्दल अशी बातमी येईल, तेव्हा त्याची खुर्ची राहते की जाते हे विचारण्याआधी वाचकांनी संपादकाला विचारावे: मूळ लिहिणाऱ्याचे नाव काय, आणि त्याला कोणी कळवले का?